किडनीच्या कॅन्सरचा प्रकार आणि पुढचं आयुष्य : रिपोर्टमधल्या त्या एका ओळीला किती महत्त्व द्यायचं?

चैत्रपालवी
माझ्या बाबांच्या (वय ६१, सांगली) डाव्या किडनीतली गाठ गेल्या महिन्यात दुर्बिणीने काढली. बाकीची किडनी वाचवता आली. आता पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आहे. मुख्य मजकूर असा: पॅपिलरी रीनल सेल कार्सिनोमा, टाईप २. ग्रेड ३ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा एक ते चार आकडा). आकार ५.२ सेमी. पीटी१बी (म्हणजे गाठ किडनीपुरती, ४ ते ७ सेमीची). कडा मोकळ्या. नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही, सार्कोमॅटॉइड बदल (पेशींनी लांबट, आक्रमक रूप घेणं) नाहीत.

सर्जन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली आहे, सहा महिन्यांनी सीटी करू." पण घरी दोन तट पडलेत. फार्मसीत काम करणारा मामेभाऊ म्हणतो की पॅपिलरी म्हणजे क्लिअर सेल या नेहमीच्या प्रकारापेक्षा बरा, लोक जास्त जगतात. बाबांच्या मित्राचा डॉक्टर मुलगा म्हणतो की पॅपिलरीला धड औषधंच नाहीत, त्यातही टाईप २ वाईट. दोघेही ठामपणे बोलतात. बाबा दोघांचं ऐकतात आणि रात्री झोपत नाहीत.

प्रकारावरून माणूस किती जगेल हे खरंच सांगता येतं का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. वाईट असेल तेही लिहा, मला चालेल.

मोगरा_दारी
ताई, बाबांना लवकर बरं वाटो. रात्री झोप लागत नसेल तर डॉक्टरांना तेही सांगा, संकोच करू नका.

काचेखालचं_जग
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या बाबांच्या काचा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

किडनीचा कॅन्सर हा एक आजार नाही. प्रौढांमधल्या दर शंभर गाठींपैकी साधारण सत्तर ते पंचाहत्तर क्लिअर सेल, दहा ते पंधरा पॅपिलरी, पाचेक क्रोमोफोब. उरलेल्यात बरेच दुर्मीळ प्रकार येतात आणि त्यातले काही फार आक्रमक असतात: कलेक्टिंग डक्ट, मेड्युलरी, फ्युमरेट हायड्रॅटेज (थोडक्यात एफएच) हे पेशीतलं प्रथिन नसलेला. या सगळ्यांची मुळं वेगळी. क्लिअर सेलमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या गुणसूत्रावरचं व्हीएचएल जनुक बंद पडलेलं असतं, त्यामुळे पेशीला आपण प्राणवायूविना आहोत असं वाटत राहतं आणि ती रक्तवाहिन्या वाढवत सुटते. पेशी प्राणवायू कसा ओळखते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. क्लिअर सेलवरची बरीचशी औषधं याच रक्तवाहिन्यांच्या मार्गावर घाव घालतात. पॅपिलरीची जनुकीय घडण निराळी आहे.

म्हणून मामेभाऊ आणि तो डॉक्टर मुलगा, दोघेही खरं बोलतायत, पण दोन वेगवेगळ्या रुग्णांबद्दल. गाठ किडनीत असताना काढली गेली तर पॅपिलरी आणि क्रोमोफोबवाले सरासरीने क्लिअर सेलपेक्षा बरे राहतात. आजार शरीरभर पसरला असेल तर चित्र बऱ्याचदा उलटतं, कारण औषधांचे मोठे प्रयोग वर्षानुवर्षं क्लिअर सेलवरच झाले. तुमचे बाबा पहिल्या गटात आहेत.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात पॅपिलरीची टाईप १, टाईप २ ही विभागणी काढून टाकली आहे. टाईप २ च्या नावाखाली बरेच वेगळे आजार एकत्र बांधले जात होते. तेव्हा त्या दोनच्या आकड्याला घाबरू नका. पण त्यामागे आणखी काही दडलं नाही ना, हे विचारायला हवं. रिपोर्टमध्ये इम्युनोची (पेशींतली प्रथिनं ओळखणाऱ्या रंगांची) यादी आहे का? सीके७, एएमएसीआर, एफएच असं काही लिहिलंय?

चैत्रपालवी
डॉक्टर, मनापासून आभार. सीके७ फोकल पॉझिटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह, सीए९ निगेटिव्ह असं आहे. एफएच कुठेच दिसत नाही.

आकडेमोड
मी संख्याशास्त्र शिकवतो. आईच्या आजारपणात या विषयावरचे निबंध वाचावे लागले. दोन आकडे समोर ठेवतो, कारण ताईंच्या घरचा वाद तसाच्या तसा तिथेही आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या २३८५ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये छापला. किडनीच्या कॅन्सरने मृत्यू न येता पाच वर्षं काढणारे: क्लिअर सेल ६८.९ टक्के, पॅपिलरी ८७.४, क्रोमोफोब ८६.७. फरक ढळढळीत दिसतो.

मग २००५ मध्ये आठ केंद्रांनी मिळून ४०६३ रुग्णांचा अभ्यास केला. तिथे आकडे ७३.२, ७९.४ आणि ८७.९. क्रम तोच. पण स्टेज (आजार किती पसरलाय), ग्रेड आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद हे तिन्ही हिशेबात धरल्यावर प्रकाराचं स्वतंत्र वजन उरलं नाही. म्हणजे क्लिअर सेलवाले मागे पडतात त्याचं मोठं कारण त्यांच्या गाठी मुळात जास्त पसरलेल्या अवस्थेत सापडतात. माझं मत: प्रकार पाहू नका, स्टेज पाहा.

काचेखालचं_जग
@आकडेमोड, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मेयोच्या त्याच अभ्यासात स्टेज आणि ग्रेडनुसार गट पाडल्यावरही क्लिअर सेल मागेच होता. म्हणजे दोन मोठे अभ्यास या मुद्द्यावर वेगळं बोलतात. शिवाय दोन्हींत फक्त तीन नेहमीचे प्रकार तोलले आहेत. मेड्युलरी किंवा कलेक्टिंग डक्ट असेल तर प्रकारच सगळं ठरवतो. 'प्रकार पाहू नका' असं एखाद्या कुटुंबाने शब्दशः घेतलं तर नुकसान होईल.

ग्रेडचंही असंच आहे. एक ते चार हा ग्रेड क्लिअर सेल आणि पॅपिलरीला लावतात. क्रोमोफोबला लावूच नये असं ठरलेलं आहे, कारण त्याच्या पेशींची केंद्रकं मुळातच वेडीवाकडी दिसतात आणि ग्रेड उगाच वरचा येतो. प्रकार कळल्याशिवाय ग्रेडचा अर्थ लागत नाही.

आकडेमोड
मान्य, 'तीन नेहमीच्या प्रकारांत, गाठ निघाल्यानंतर' एवढी मर्यादा घालतो. पण एक मुद्दा सोडत नाही: हे रुग्ण २००५ च्या आधीचे आहेत, म्हणजे सुनिटिनिब (गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारी गोळी) किंवा इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) यायच्या आधीचे. त्या टक्केवारीत बाबांना शोधू नका.

पन्हाळगड
मी स्वतः क्लिअर सेलवाला. २०११ साली उजवी किडनी पूर्ण काढली, गाठ ९ सेमी, पीटी२ (किडनीपुरती, पण ७ सेमीपेक्षा मोठी). कोणी 'वाईट प्रकार' म्हटलं की मला राग येतो. चौदा वर्षं झाली असं म्हणून कोणाला खोटी आशा दाखवायची नाही, कारण माझ्याच वॉर्डातला, माझ्यापेक्षा लहान गाठ असलेला माणूस दोन वर्षांत गेला. त्याच्या फुप्फुसात आधीच पोचलं होतं. पण बाबांना एवढं सांगा की नावावरून कोणी कोणाचं भविष्य लिहू नये.

क्रिएटिनिन, बीपी आणि साखर मात्र सांभाळा. उरलेल्या किडनीवर सगळा भार असतो. दुखलं की कोंबिफ्लाम घ्यायची सवय असेल तर ती आजच बंद.

आजीचा_बटवा
पाषाणभेद आणि गोखरूचा काढा किडनीला उत्तम. आमच्याकडे तीन पिढ्या घेतात. बाबांना सुरू करा, गाठी विरघळतात.

पन्हाळगड
काढा मुतखड्यासाठी घेतात, काकू. ही गाठ विरघळणारी नाही आणि अर्धी किडनी गेलेल्या माणसाला कुठलीही मुळी डॉक्टरला न विचारता देऊ नये. तुमची माया पोचली, काढा राहू द्या 🙂

वरदा_किनारा
मुतखड्यावरून लिहिते. आमच्या सासऱ्यांना लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नव्हतं. 'उन्हाळी लागली असेल' म्हणून सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी सुरू. मग खडा असेल म्हणून गोळ्या. दोन दिवसांत रक्त थांबलं आणि सगळे विसरले. पुढच्या वर्षी सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ शिरेत शिरली होती. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, न दुखता रक्त गेलं तर ते थांबलं तरी सोनोग्राफी करा.

काचेखालचं_जग
+१. हल्ली निम्म्याहून जास्त गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात आणि अशा गाठी बहुधा लहान असतात. आजार किडनीपुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या नोंदींत ९० टक्क्यांच्या वर आहे. दूर पसरल्यावर तेच २० टक्क्यांच्या आत येतं. @आकडेमोड यांचा स्टेजवरचा भर इथे अगदी योग्य आहे.

गोंडवनातली
प्रकाराचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातलं सांगते. मी गडचिरोलीकडे आरोग्यसेवेत आहे. रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हा अत्यंत दुर्मीळ प्रकार जवळपास फक्त सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असलेल्या तरुणांमध्ये दिसतो. जगातले बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे आहेत. पण विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे वाहक भरपूर आहेत, म्हणून आपल्या डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव असावं. १९९५ मध्ये ३४ रुग्णांची मालिका पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचं सरासरी आयुष्य १५ आठवडे होतं. आता प्लॅटिनम गटातल्या केमोने ते लांबलं आहे, तरी वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपासच आहे. क्लिअर सेलची औषधं इथे चालत नाहीत.

वाहकांनी घाबरून जाऊ नये. वाहकाच्या लघवीतून रक्त जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फक्त 'सिकलसेल आहे ना, मग जाणारच रक्त' म्हणून तपासणी टाळू नये. २०२३ पासून केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लाखो लोकांना कार्डं मिळाली आहेत. ते कार्ड प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

चैत्रपालवी
गोंडवनातली ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. धाग्याचा विषय भरकटला तरी चालेल, असं येऊ द्या.

धुक्यातली_वाट
मला २०१९ मध्ये क्रोमोफोबचं निदान झालं. आधीच्या बायॉप्सीत 'ऑन्कोसायटोमा की क्रोमोफोब, नक्की सांगता येत नाही' असं आलं होतं. ऑन्कोसायटोमा साधी गाठ, क्रोमोफोब कॅन्सर, आणि दोन्हींत सीडी११७ हा रंग पॉझिटिव्ह येतो. तो महिना फार वाईट गेला. गाठ काढल्यावर क्रोमोफोब ठरलं.

सांगायचं वेगळंच आहे. माझ्या नाकावर, गालांवर बारीक पांढरट पुटकुळ्या होत्या. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्या पाहून विचारलं, "घरात कोणाचं फुप्फुस अचानक फुटलंय का?" भावाचं दोनदा फुटलं होतं! जनुकचाचणीत बर्ट-हॉग-डुबे सिंड्रोम निघाला, म्हणजे अशा पुटकुळ्या, फुप्फुस फुटणं आणि किडनीच्या गाठी एकत्र आणणारा आनुवंशिक आजार. आता भाऊ, मी आणि माझी मुलगी, सगळे तपासणीखाली आहोत. प्रकार नीट ठरला नसता तर कोणी एवढं खोदलंच नसतं.

न्यूजर्सीचा_कोकणी
@काचेखालचं_जग यांनी एफएच विचारलं आणि मी दचकलो. माझ्या बायकोच्या बहिणीला ३४ व्या वर्षी 'पॅपिलरी टाईप २' सांगितलं होतं. गाठ ३ सेमी. लहान आहे म्हणून सगळे निश्चिंत. वर्षाच्या आत लिम्फ नोड्समध्ये. तेव्हा ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) पुन्हा तपासले आणि फ्युमरेट हायड्रॅटेज नसलेला, घराण्यात चालणारा प्रकार निघाला. तिला विशीतच गर्भाशयात मोठे फायब्रॉइड्स झाले होते, हातावर दुखऱ्या गाठी होत्या. कोणी जोडून पाहिलं नाही. पुढे बेव्हॅसिझुमॅब आणि एर्लोटिनिब ही दोन औषधं एकत्र दिली आणि त्याचा चांगला उपयोग झाला. ती आज आहे, कामावर जाते.

चैत्रपालवी ताई, घाबरवायचं नाही. बाबांचं वय ६१ आहे, शक्यता कमी. पण विचारून घ्या.

चैत्रपालवी
माझे हात थरथरतायत. माझ्या आत्याची गर्भपिशवी ३६ व्या वर्षी फायब्रॉइड्समुळे काढली होती. याचा संबंध असू शकतो का?

काचेखालचं_जग
शांतपणे वाचा. फायब्रॉइड्स इतके सर्रास होतात की नुसत्या त्यावरून काहीच ठरत नाही. तरीही विचारणं योग्य आहे आणि उपाय सोपा आहे. तुमच्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये अर्ज करून पॅराफिन ब्लॉक आणि काचा मागा. रुग्णाला त्या मिळतात. मग मूत्ररोगाच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बाहेरचे ब्लॉक तपासून देतात. एफएचचा रंग करायला सांगा. पेशींमध्ये रंग आला, म्हणजे प्रथिन शाबूत आहे, तर मोठा प्रश्न मिटतो. क्वचित रंग येऊनही जनुकात दोष असतो, म्हणून पेशींचं रूप संशयास्पद असेल तर २एससी नावाचा दुसरा रंग करतात.

ब्लॉक पाठवताना मूळ रिपोर्ट, सीटीची सीडी आणि आत्याची माहिती एका कागदावर लिहून जोडा. आम्हा लोकांना डबीत फक्त मेणाचा तुकडा येतो. त्या कागदाची किती मदत होते हे सांगून पटणार नाही.

सातपुडा_सकाळ
माझ्या वडिलांचं सांगू का? 'क्लिअर सेल, सार्कोमॅटॉइड ४० टक्के' असा रिपोर्ट, फुप्फुसात ठिपके. पहिल्या डॉक्टरांनी "काही महिने" सांगून घरी न्यायला सांगितलं. नेटवरही तेच लिहिलेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी सुचवली. ते म्हणाले, एकेकाळी हा बदल म्हणजे सगळ्यात वाईट बातमी होती, पण याच गाठी इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. चौथ्या सीटीत ठिपके दिसेनासे झाले.

काचेखालचं_जग
तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. सार्कोमॅटॉइड हा वेगळा प्रकार नाही. कुठल्याही प्रकारात तो बदल होऊ शकतो आणि मग ग्रेड आपोआप ४ होतो. चेकमेट २१४ या प्रयोगात अशा रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या गाठी या जोडीने आक्रसल्या, सुनिटिनिबवर तेच २३ टक्के होतं.

आकडेमोड
म्हणजे चांगला प्रकार, वाईट प्रकार ही यादीच औषध बदललं की बदलते. क्रोमोफोबचं याच्या उलट: गाठ काढल्यावर सगळ्यात निवांत, पण पसरलाच तर हट्टी. लेन्व्हॅटिनिब-पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीचा क्लिअर सेल सोडून बाकीच्या प्रकारांवर प्रयोग झाला, त्यात एकूण ४९ टक्के प्रतिसाद, क्रोमोफोबमध्ये २८.

वरदा_किनारा
सगळं खरं, पण खर्चाचं कोणी बोलत नाही. इम्युनोथेरपीच्या एका डोसचा आकडा ऐकून आमच्या घरी जमीन विकायची बोलणी सुरू झाली होती. सासऱ्यांनी नाही म्हटलं. शेवटी सुनिटिनिब घेतलं, त्याच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. त्यावर त्यांनी आम्हाला एक लग्न आणि एक बारसं दाखवलं. इथे वाचून कोणाला वाटू नये की महागडं औषध न देणारी मुलं कमी माया करतात.

मोगरा_दारी
वरदाताई, तुमच्या मायेबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. 🙏

पन्हाळगड
वरदाताईंना दंडवत. आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जावं. महात्मा फुले योजनेत काय बसतं, कुठली औषधकंपनी डोस मागे डोस देते, कुठे प्रयोगात नाव घालता येईल, हे त्यांना ओपीडीतल्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं.

चैत्रपालवी
तीन आठवड्यांनी लिहितेय. ब्लॉक मुंबईला दिले होते. काल रिपोर्ट आला: पॅपिलरी रीनल सेल कार्सिनोमा, टाईप लिहिलेलाच नाही. ग्रेड ३ कायम. एफएच शाबूत, पेशींमध्येही त्या आजाराच्या खुणा नाहीत. आत्याला फोन केला, ती रडली.

आता एकच प्रश्न. त्या डॉक्टर मुलाने पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी वर्षभर घ्यायला सुचवलं आहे, म्हणजे परत येणार नाही म्हणे. सर्जन गरज नाही म्हणाले. कोणाचं ऐकू?

काचेखालचं_जग
फार बरं वाटलं वाचून.

उपचार तुमचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. पण त्या सल्ल्याचा आधार कीनोट-५६४ हा प्रयोग आहे. त्यात शस्त्रक्रियेनंतर वर्षभर हे औषध दिलेल्यांपैकी चार वर्षांनी ९१.२ टक्के जिवंत होते, न दिलेल्यांपैकी ८६ टक्के. फायदा खरा आहे. मात्र तो प्रयोग क्लिअर सेलचा होता आणि त्यातही परत येण्याचा धोका जास्त असलेल्यांचा. बाबांचा प्रकार पॅपिलरी, स्टेज पीटी१बी. ते दोन्ही बाजूंनी त्या गटाबाहेर आहेत. या औषधाने थायरॉइड, आतडी, फुप्फुसं, क्वचित उरलेली किडनीही सुजते. सर्जनचं म्हणणं मला पटतं. सीटीच्या तारखा मात्र चुकवू नका, आणि पाच वर्षं झाली म्हणून पाठपुरावा सोडू नका. या आजाराला उशिरा परतायची सवय आहे.

चैत्रपालवी
बाबांना हा पूर्ण धागा वाचून दाखवला. पन्हाळगड काकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांना तुमच्याशी बोलायचंय काका, चालेल का?

पन्हाळगड
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही. कोल्हापूर-सांगली काय, एका तासाचं अंतर. भेटूच.

नवी_पाटी
उशिरा येतेय, पण माझ्या बहिणीचं वय २६ आणि रिपोर्टमध्ये 'क्लिअर सेल, पॅपिलरी रचनेसह' असं दोन्ही लिहिलंय. हे कसं काय? आणि या प्रकाराचा आकडा कुठला धरायचा?

काचेखालचं_जग
सध्या कुठलाच आकडा धरू नका. या वयात, आणि दोन्ही रचना एकत्र असतील तर, ट्रान्सलोकेशन प्रकार (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन होणारा) वगळायलाच हवा. तो तरुणांमध्ये तुलनेने जास्त दिसतो आणि काचेखाली हुबेहूब असाच दिसू शकतो. टीएफई३ आणि टीएफईबी या त्यातल्या जनुकांची तपासणी झाली आहे का ते पाहा, गरज पडल्यास फिश (गुणसूत्रातली अदलाबदल दाखवणारी चाचणी) करून घ्या. 'क्लिअर सेल पॅपिलरी' नावाची एक वेगळी, अगदी शांत गाठही असते. २०२२ मध्ये तिच्या नावातून कार्सिनोमा हा शब्दच काढला. म्हणजे बहिणीच्या रिपोर्टमधली ती एक ओळ दोन टोकांच्या आजारांना लागू होऊ शकते. सीके७ आणि सीए९ काय आलंय ते इथे लिहा, नाव झाकून. आणि ब्लॉक आजच मागून ठेवा.

नवी_पाटी
उद्या सकाळी लॅबमध्ये जाते. सीके७ निगेटिव्ह लिहिलंय, सीए९ फोकल. टीएफई३ केलेलं नाही.

काचेखालचं_जग
मग टीएफई३ नक्की करून घ्या. शांत गाठीत सीके७ सगळीकडे पॉझिटिव्ह असतं, त्यामुळे तो पर्याय मागे पडतो. वरच्या प्रतिसादात ब्लॉकसोबत काय जोडायचं ते लिहिलंय. त्यात बहिणीचं वय पहिल्या ओळीत, ठळक लिहा.